नाचनबोर ते उदयनगर

इंदूरहून उदयनगरला थेट गाडीनं जाता येतं, आणि बहुतेक जण तसेच जातात. आम्ही नाचनबोरच्या टेकडीपाशी उतरलो आणि तिथून पायी निघालो. २५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी इथंच बसमध्ये सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीवर सुरीचे वार झाले, सगळ्या प्रवाशांदेखत. त्या उदयनगरहून इंदूरकडे निघाल्या होत्या. वय अवघं ४१. त्यांची कबर उदयनगरला आहे, तिकडेच आम्ही निघालो होतो.

आमचं घर प्रोटेस्टंट, आजोबा नगरहून इंदूरला आलेले. कबरीपुढं मेणबत्ती लावणं आमच्यात नाही. वहिनी कॅथलिक घरातली, तिचा हट्ट म्हणून दादा निघाला आणि दादासोबत मी. पुढं केरळच्या दोन सिस्टर हिंदीत भजन म्हणत होत्या, वहिनी जपमाळ ओढत होती. मी आपला मनातल्या मनात ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणत होतो. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला, ही गोष्ट आमच्या घरी मोठ्या कौतुकानं सांगतात. पगार सोडायचा विचार मात्र पुढच्या पिढ्यांत कुणाच्या मनाला शिवला नाही.

ऊन चढत होतं. पळस फुललेला, शेतात गहू पिवळा पडत आलेला. दादाचा फोन दर थोड्या वेळानं वाजे. आमचं इंदूरचं जुनं घर बिल्डरला द्यायचं चाललंय, दलाल पाठ सोडत नव्हता.

"दादा, आज तरी बंद ठेव ना."

"अरे, भाव हातचा जाईल. आणि शलमोनानंही शेवटी सोनं घेतलंच की!"

हे त्याचं ठरलेलं उत्तर. रविवारच्या उपदेशात बायबलमधल्या शलमोन राजाची गोष्ट बहुधा तशीच येते: त्यानं धन न मागता ज्ञान मागितलं, म्हणून देवानं धनही दिलं. म्हणजे ज्ञान मागायचं आणि डोळा धनावर ठेवायचा. हा हिशेब मला कधी पटला नाही. ही गोष्ट बायबलच्या 'पहिले राजे' या भागातली; तिसऱ्या अध्यायावर पुस्तक मिटलं की गोष्ट गोड वाटते. दहाव्यात वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं येतं, अकराव्यात राजाचं मन देवापासून फिरतं, बाराव्यात लोक त्याच्या मुलाला सांगतात, तुमच्या बापानं आमच्या मानेवर भारी जू ठेवलं, ते हलकं करा. सोनं कुणाच्या घामातून आलं, हे तिथं कळतं.

राणी मारिया १९९२ मध्ये उदयनगरला आल्या. त्यांना पैशातलं काही कळत नव्हतं, असं मुळीच नाही. उलट तेच त्यांना नीट कळत होतं. सावकाराचं व्याज कसं फुगतं, बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजना कुठं अडते, हे त्यांनी आदिवासींना समजावलं आणि त्यांना संघटित केलं. ज्यांचं चालत होतं त्यांना ते सोसलं नाही. माझ्या मते अध्यात्म म्हणजे पैशाकडे पाठ फिरवणं, ही सोयीची समजूत आहे. पाठ फिरवणाऱ्याचा सावकाराला काय त्रास?

दुपारनंतर उदयनगरच्या चर्चमध्ये पोचलो. कबरीपाशी इंदूरचीच माणसं जास्त भेटली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, त्या सोहळ्याच्या आठवणी निघाल्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली होती. २००६ मध्ये तो सुटला. वहिनीनं मेणबत्ती लावली. मी हात जोडून उभा राहिलो. तेवढं प्रोटेस्टंटाला चालतं.

परतीच्या गाडीत दलालाचा फोन पुन्हा आला. दादानं तो कापला आणि मला विचारलं, "मागच्या खोलीतल्या मावशींचं भाडं किती रे?"

"बाबांनी ठरवलं होतं तेच. कागद काही नाही."

"म्हणजे घर गेलं की त्यांना काही मिळायचं नाही."

"बिल्डरकडून? एक पैसा नाही."

वहिनी म्हणाली, आपल्या वाट्यातून एक खोली त्यांच्या नावानं मागा. दादा म्हणाला, मग आपल्याला किती उरेल ते आधी बघू दे. मोबाइलवर तो आकडे मांडत होता, आणि वहिनी खांद्यावरून वाकून प्रत्येक आकडा तपासत होती.