सकाळी तिरडी, रात्री गडकरी

मालिकेत आपण मरणार, हे नटाला सगळ्यात शेवटी कळतं. मला ड्रेसदादाकडून कळलं. घोडबंदर रोडला गायमुखच्या अलीकडे आमचा सेट, सकाळी सातची शिफ्ट. नेहमीचा लेंगा-सदरा मागितला तर तो खाली मान घालून म्हणाला, "काका, आज फक्त पांढरं." पुढच्या महिन्याच्या तारखा कुणी का मागितल्या नव्हत्या, ते तेव्हा उमगलं. दीड वर्ष जगवलेले अण्णा एका कोऱ्या कापडात संपले.

मढं होणं सोपं वाटतं. नाकात कापूस, म्हणजे श्वास तोंडाने. आणि तोंड तर मिटलेलं हवं. मग ओठांत केसाएवढी फट ठेवायची आणि पोटाने श्वास घ्यायचा, छाती हलता कामा नये. नाटकात मेलं की काळोख होतो, सुटका होते. इथे मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, झाला की बायकोचा क्लोज-अप, मुलाचा क्लोज, सुनेचे चार (सून नायिका). क्लोजमध्ये मी दिसतच नव्हतो. उठू का विचारलं, तर मुलाचं काम करणारा पोरगा म्हणाला, "काका, पडून राहा ना. तुम्ही असलात की रडू येतं." राहिलो. अडीच तास. मध्येच पापणीवर माशी बसली आणि अख्खं युनिट श्वास रोखून माझ्याकडे बघत राहिलं. एरवी माझ्याकडे इतकं लक्ष कुणी दिल्याचं आठवत नाही.

पाचला मला मोकळं केलं. कॅमेरामन म्हणाला, "आता उठा, आणि लेन्समध्ये बघून हसा." आमच्याकडे मेलेल्या नटाकडून तेवढं करून घेतात. हसलो. व्हाउचरवर सही केली. पैसे नेहमीसारखे नव्वद दिवसांनी, म्हणजे अण्णांची तीन मासिकं घालून झाल्यावर.

साडेआठला ठाण्याच्या गडकरी रंगायतनला फार्सचा प्रयोग. मेट्रोच्या खांबांखालून कासारवडवली, मानपाडा, कापूरबावडी असं सरकत तलावपाळीला पोचलो, तेव्हा आठ वाजून गेले होते. मेकअप रूममध्ये शिरतोय तोच पहिली घंटा. अण्णा माळकरी, म्हणून कपाळभर बुक्का लावलेला, तो तसाच. नाटकात माझ्या बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी ओल्या रुमालाने तो खसाखसा पुसला. "आधी जिवंत व्हा," म्हणाल्या.

गडकरी 1978 सालचं. शाळेत असताना याच रंगमंचावर मी भालदार होतो. एकच वाक्य होतं, तेही गिळलं होतं. त्या रात्री पहिल्याच वाक्याला हशा आला. नाइटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या पैशांचं, पाकीट मध्यंतरातच हातात. इथे उधारी नाही.

प्रयोग संपल्यावर एक आजी नातीचा हात धरून आत आल्या. मालिका रोज बघतात. अण्णांना हॉस्पिटलातून कधी सोडणार, एवढंच विचारायचं होतं. करारात गोष्ट फोडायला बंदी. "आता बरं आहे," म्हटलं. त्यांनी पर्समधून अंगाऱ्याची पुडी काढली आणि बुक्का पुसून लाल झालेल्या त्याच जागी बोट टेकवलं.