तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेसाठी घरपट्टी वाढवायला मी विरोध का केला

चवथीला घरी आलेले पाहुणे असोत की देवळाकडे भेटणारी मंडळी, सगळे फिरून तेच विचारतात. तू मराठी शाळेचा माणूस, 2011 मध्ये गोवा सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा त्याविरुद्ध पणजीला जाऊन घसा कोरडा करणारा, मग गावच्या शाळेसाठी घरपट्टी वाढवायचा ठराव आला तर तूच उठून विरोध केलास? आता एकदाच लिहितो.

शाळा कशी रोडावली ते सांगत बसत नाही. शहरातल्या अनुदानित शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांना नेणारी बस, वाड्यावर येऊन मुलं घेऊन जातो हे सगळ्यांना दिसतं. ठराव आला त्या वर्षी आपल्या शाळेत चौदा मुलं होती, पहिली ते चौथी, आणि शिकवायला एकच बाई, कारण दुसऱ्या बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. ठराव असा की घरपट्टी वाढवायची आणि वाढीव पैशातून गावाने एक शिक्षिका नेमायची, उरलं तर गळकी कौलं बदलायची.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या परिशिष्टात सरळ लिहिलंय की पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक पाहिजेत. म्हणजे चौदा मुलांनाही दोन. ती दुसरी बाई आपल्या हक्काची आहे हो! ती आपण आपल्या पैशाने नेमायची आणि वर सरकारचे आभार मानायचे? शिक्षणाच्या नावाने कर काय आपण भरत नाही? 2004 पासून केंद्राच्या करांवर 2 टक्के शिक्षण उपकर, 2007 मध्ये त्यात आणखी 1 टक्का, 2018 पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून 4 टक्के, आणि उपकराचा पैसा राज्यांना वाटायच्या हिश्शात धरतच नाहीत. मग सरकारचा खालचा माणूस पंचायतीत येतो आणि परत आपल्याच खिशाकडे बघतो.

ग्रामसभेत हे सगळं मी कागद घेऊन वाचून दाखवलं. रविवारची सकाळ, हॉल भरलेला, दारातसुद्धा माणसं उभी. माझ्या आधी आमच्या वाड्यावरचे एक ट्रकवाले बोलले होते. 2012 ला खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, 2018 ला कोर्टाने सगळी लीजं रद्द केली, आणि यांचा ट्रक तेव्हापासून घरामागे ताडपत्रीखाली उभा, टायर मातीत रुतलेले. घर मात्र खाणीच्या दिवसांत बांधलेलं, मोठं, त्यामुळे पट्टीही मोठी. ते म्हणाले, मास्तर नको असं म्हणत नाही, पण हप्ते फेडून हातात काय राहतं ते या आणि बघा. त्यांच्यानंतर मी उठलो. कायदा वाचला, परिशिष्ट वाचलं, उपकर सांगितला, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग मागच्या रांगेतून एक बाई उठली. तिची मुलगी तेव्हा पहिलीत. मुलगी मांडीवर पेंगत होती, तिला सावरतच ती उभी राहिली आणि म्हणाली, काका, तुम्ही वाचलंत ते खरंच असेल, पण सरकार ही दुसरी बाई कधी पाठवणार ते त्या कागदावर आहे का? माझी मुलगी पुढच्या जूनला दुसरीत जाते. बाई एका वर्गाला शिकवते तेव्हा बाकीचे तीन वर्ग पाटीवर रेघा ओढत बसतात, मी स्वतः बघितलंय. हॉलमध्ये कोणी बोलेना. मी म्हणालो, आपण सगळे मिळून अर्ज करू, पाठपुरावा करू. ती म्हणाली, अर्ज आम्ही केलाय काका, शाळा व्यवस्थापन समितीत मीच आहे. आणि ती खाली बसली. ठराव पडला. पुढच्या जूनला तिची मुलगी बालरथात होती आणि आज ती बाई समोर आली तरी माझ्याशी बोलत नाही.

मला ते लागतं. लागत नाही असं म्हणणार नाही.

पण तिला त्या दिवशी जे सांगता आलं नाही ते इथे सांगतो. एकदा का गावाने मास्तराचा पगार द्यायला सुरुवात केली की ती जागा सरकार कशाला भरेल? आणि ज्या गावात दिल्लीवाल्यांचे व्हिला उभे राहिलेत तिथे पट्टीतून दोन काय, चार शिक्षिका ठेवता येतील. सत्तरी तालुक्यातल्या धनगरवाड्याने काय करायचं? गोवा मुक्तीनंतर आपले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव सरकारी शाळा निघाल्या, त्यात आमच्यासारख्यांचे आईबाप अक्षर शिकले. घरपट्टी बघून शाळा द्यायची असती तर आमच्या वाड्यावर ती आलीच नसती.

हे सगळं बोलताना मलाच माझं जुनं बोलणं आठवतं. 2011 च्या त्या आंदोलनात असताना मीच दारोदार सांगत फिरायचो की शाळा गावाची, गावाने तिच्यासाठी खिशात हात घातला पाहिजे. तो मी आज समोर आला तर विचारेल, मग आता काय झालं? मी त्याला म्हणेन, तू वर्गणी मागत होतास, ज्याला जमेल तो देत होता, ज्याला नाही जमलं त्याच्या नावावर थकबाकी चढत नव्हती. तो म्हणेल, वर्गणीवर शिक्षिका महिन्याच्या महिन्याला कशी टिकवणार? याला माझ्याकडे धड उत्तर नाही. वर्गणीने कौलं बदलतात, पगार होत नाही, हे मलाही कळतं.

ठराव पुन्हा येणार असं ऐकतो. आला तर मी पुन्हा उठेन आणि विरोधातच बोलेन. तोवर शिक्षक भरतीच्या मागणीचा नवा अर्ज तयार केलाय, या वेळी कायद्याच्या परिशिष्टाची प्रत सोबत जोडून. समितीच्या सह्या झाल्या, पालकांच्या अजून कमी आहेत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी संध्याकाळी घरी यावं, ग्रामसभेत मला प्रश्न विचारणारी ती बाई आली तर फार बरं वाटेल, पण तिला मी बोलवायला जायचं की नाही हे अजून ठरत नाही.