मारुतीची जुनी जिप्सी घेतली. हो, एसी नाहीये.

गेल्या पावसाळ्यात केळदच्या थोडं अलीकडे आमची हॅचबॅक चिखलात रुतली, आणि ज्या भल्या माणसाने ट्रॅक्टर लावून ती ओढली त्याने पाचशे रुपये खिशात टाकता टाकता एवढंच विचारलं, "सायेब, ही गाडी हिकडं कशापायी आणली?" यावर बोलणार काय. मढे घाट, तोरण्याच्या पलीकडच्या वाड्या, जुन्नरचं घाटघर (भंडारदऱ्याचं घाटघर वेगळं, दोन्हीत दरवर्षी कुणीतरी गोंधळतंच), असल्या ठिकाणी जायचं, रात्री तंबू ठोकायचा, सकाळी गुडघ्यांना झेपेल तेवढा डोंगर चढायचा, हे आमचं दहा-बारा वर्षं चालूय आणि दरवेळी शेवटच्या गावात गाडी लावून पुढे दोन-तीन किलोमीटर सामान पाठीवर. तर ठरवलं, जुनी का होईना पण फोर बाय फोर घ्यायची, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना देता येतो अशी. बजेट सात लाख, त्यातला लाखभर गाडी घेतल्यावर तिच्यावरच खर्च करायला वेगळा काढलेला, आणि हा लाख मी शेवटपर्यंत कुणाला कळू दिला नाही, विकणाऱ्याला तर नाहीच.

"नवी जिम्नी घे की" असं निदान पंधरा जण बोलले. अरे बाबांनो, २०२३ च्या जूनमध्ये ती आली तेव्हाच एक्स-शोरूम पावणेतेरा लाखाच्या घरात सुरू होत होती, मी सातचा हिशोब करतोय. एक मित्र जुन्या डस्टर ऑल व्हील ड्राइव्हच्या मागे लागलेला. गाडी चांगलीच आहे, घरच्यांना घेऊन फिरायला तर एक नंबर, पण तिला लो रेंज नाही आणि माझं तिथेच अडलं. लो रेंज म्हणजे गिअरच्या शेजारी जो दुसरा छोटा लिव्हर असतो तो फोर एलला टाकला की सगळेच गिअर आणखी छोटे होतात, गाडी मुंगीच्या चालीने जाते पण जोर बैलाचा. लोक चढाच्या गोष्टी सांगतात, मला मात्र तिची खरी किंमत उतारावर कळते, पहिल्या गिअरवर ब्रेकला पाय न लावता गाडी गोट्यांवरून सावकाश उतरत राहते, आणि ओल्या लाल मातीच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी स्वतःच्या मर्जीने निघते म्हणजे काय हे ज्याने एकदा बघितलंय त्याला जास्त सांगायला नको.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक २०१६ ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेलवाली), पुण्यातलीच, मागत होते पावणेसात लाख. दुसरी २००८ ची जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी टपाची, नारायणगावकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांची, साडेचार लाख.

कागदावर बघाल तर थारच. २४९८ सीसीचं डिझेल इंजिन, १०५ बीएचपी, २४७ न्यूटन मीटर टॉर्क आणि तोही खाली दोन हजार आरपीएमच्या आतच मिळतो. जिप्सीचं १२९८ सीसी पेट्रोल, ८० बीएचपी, टॉर्क १०३ आणि तो मिळायला इंजिन साडेचार हजारापर्यंत ओरडवायचं. फक्त जिप्सीचं वजन हजार किलोच्या आत आहे, ९८५, आणि थार दीड टनाच्या वर, त्यामुळे जिथे थार जोरावर निघते तिथे जिप्सी हलकी म्हणून निघते, चिखलात तर हे फार कामाला येतं, जड गाडी आधी रुतते आणि रुतल्यावर चार माणसांना हलत नाही.

थारचा अजून एक हुकमाचा पत्ता म्हणजे २०१५ च्या फेसलिफ्टनंतर सीआरडीईला मागच्या डिफरेन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारे गिअर) मेकॅनिकल लॉकर आला. बऱ्याच जणांना वाटतं फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं एकदम ओढतात, तसं नसतं हो. साध्या डिफरेन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही तेच गरागरा फिरत बसतं, म्हणजे गाडी तिरकी लटकली, पुढचं एक आणि मागचं त्याच्या विरुद्ध कोपऱ्यातलं चाक हवेत गेलं की फोर बाय फोर असूनही तुम्ही जागच्या जागी. लॉकर असला की मागची दोन चाकं एकत्र फिरतात, जमिनीवरचं चाक बिचारं काम करतं आणि गाडी सुटते. जिप्सीला कंपनीकडून असलं काही नाही. सांगायचा मुद्दा, घरून निघालो तेव्हा डोक्यात थारच पक्की होती, ॲडव्हान्सचे वीस हजार कॅश खिशात.

थार बघून तोंडाला पाणी सुटलं. मॅट काळा रंग, जाडजूड नवे टायर, विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी), पुढे लोखंडी बंपर, वर एलईडीची माळ. आमचे मेस्त्री मात्र रंगाकडे बघेचनात, अंगाखाली पोतं टाकलं, टॉर्च घेतली आणि सरळ गाडीखाली. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "साहेब, खाली या जरा." खाली गेलो तर चेसिसला काळं अंडरकोटिंग मारलेलं, एकदम ताजं, वास येत होता अजून. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत ठोकत मागे नेली, पुढे टण टण आवाज आणि मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे तो चेसिसला लटकतो तिथे, नुसतं थप थप, तिथे टोकाने जरा खरवडलं तर गंजाचे पापुद्रे निघाले, आणि चेसिसच्या भोकात बोट घालून त्यांनी जे बाहेर काढलं ते माझ्या तळहातावर ठेवलं. वाळू. बारीक, पांढरट, समुद्राची.

विकणाऱ्याला विचारलं तर "एकदाच गेलो होतो कोकणात." मग रात्री घरी बसून त्याचं इन्स्टा बघितलं, त्यात गाडी बंपरपर्यंत लाटेत, एकदा नाही, सात-आठ रील. खारं पाणी चेसिसच्या आत शिरलं की बाहेरून कितीही धुवा, आतून खात राहतं. त्याआधी तिथेच एक डिफरेन्शियलचा प्लग खोलू द्या म्हटलं तर आधी नाही नाही म्हणाला, मग तयार झाला, आणि आतून जे ऑइल आलं ते रंगाला थेट दुधाच्या चहासारखं. म्हणजे आत पाणी गेलेलं आणि तसंच फिरवलेलं. त्यात पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आवळून गाडी उंच केलेली, ते दिसायला भारी दिसतं पण सस्पेन्शनला खाली जायला जागाच उरत नाही आणि एक्सलचे जॉइंट वाकड्या कोनात फिरून लवकर जातात. वर ते लोखंडी बंपर, ज्याला केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बंदी घातलीय. यात गाडीचा काहीएक दोष नाही, चांगल्या गाडीची वाट लावलेली.

आणि बीचवर गाड्या घालणाऱ्यांना एकदा बोलू द्या मला. वेळास-आंजर्ल्याला कासवं ज्या वाळूत अंडी घालतात त्याच वाळूवर डोनट मारायचे, म्हणजे गाडी गरागरा गोल फिरवायची, मग भरती आली की गाडी अडकते, मग गावातली पोरं रात्रभर दोर लावून ओढतात आणि सकाळी ती बातमी पेपरात. बस, झालं बोलून.

जिप्सीच्या काकांकडे पुढच्या रविवारी गेलो. गाडी बागेच्या कडेला शेडमध्ये, पांढरी, दोन ठिकाणी डेंट, टपाचं कापड उन्हाने विटलेलं, चेन तुटलेली. काकांनी आधी चहा दिला, मग एक प्लॅस्टिकची पिशवी दिली, तिच्यात बारा-तेरा वर्षांची बिलं, ऑइल कधी बदललं, पाटे कधी मारले, क्लच प्लेट कधी, सगळं. "माझ्या हातानं खत-औषधं वाहिली हिच्यात, पोरांनी हात लावला नाही," काका म्हणाले, म्हणजे ही गाडी कौतुकात वाढली नाही पण उपाशीही राहिली नाही. मेस्त्री खाली गेले, सगळीकडे टण टण. डिफरेन्शियलचं ऑइल काळं पण स्वच्छ. मग मी बागेतल्या मऊ मातीत खाली उतरून पुढचे हब (चाकाच्या मधला गोल खटका, तो लॉक केल्यावरच पुढची चाकं ओढतात) हाताने फिरवून लॉक केले, फोर एल टाकलं, एक चाक चरात घातलं, आणि ती आवाज करत, कुरकुरत, पण निघाली. ही टेस्ट मातीवरच करा, कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून वळवू नका. या गाड्यांना मधलं डिफरेन्शियल नसतं, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. आणि टेस्ट कराच, कारण कितीतरी मालकांनी तो छोटा लिव्हर वर्षानुवर्षं हलवलेलाच नसतो.

दोष निघालेच. पुढच्या नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) सीलमधून ग्रीस गळत होतं आणि साठ-सत्तरला स्टिअरिंग असं थरथरायचं की घड्याळातला काटा दिसेना. मेस्त्री म्हणाले किंगपिनची (त्याच सांध्यातल्या खिळ्याची) बेअरिंग गेलीत, जिप्सीचा जुनाच रोग, होऊन जाईल. पंधरा वर्षं २०२३ मध्ये पूर्ण झालेली, पण काकांनी रीपासिंग करून घेतलेलं, ग्रीन टॅक्सची पावतीही पिशवीत. लोन कधी नव्हतंच. तिथल्या तिथे मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चार लाख दहा हजारला सौदा, वर द्राक्षाची एक पेटी.

आता जिप्सीवाले मला शिव्या घालतील, पण ती थार समुद्रात बुडवलेली नसती तर मी तीच घेतली असती. डोंगरात पोचायला आधी दीडशे किलोमीटर डांबर तुडवावं लागतं आणि डांबरावर जिप्सी म्हणजे शिक्षा आहे. चारही बाजूंना पाटे, रिकामी असली तर स्पीडब्रेकरवर माणूस सीटवरून उठतो, ऐंशीच्या पुढे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, मायलेज मला नऊ-दहा मिळतंय आणि टाकी चाळीस लिटरची. बायकोला नारायणगावहून घरापर्यंत आणलं तेव्हा ती मोशीला पोचेपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुला गाडी हवी होती की प्रायश्चित्त?" मागची बाकडी आडवी, बाजूला तोंड केलेली आहेत, बेल्ट नाहीत, एअरबॅग तर विषयच नाही, म्हणून मुलांना मागे बसवायचं नाही हे त्याच रात्री घरात ठरलं. मुलं असली की हॅचबॅक आणि आपलं डांबर. (जुन्या थारलाही मागे आडवीच बाकडी होती, त्यामुळे या बाबतीत दोन्ही सारख्याच नापास.) मागे समोर तोंड करणाऱ्या सीट टाकून घे असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण आरटीओच्या परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात बदल चालणार नाहीत.

बाजूला काढलेल्या लाखातले आत्तापर्यंत अडतीस हजार गेलेत. किंगपिन, सील, सगळी ऑइलं झाली; पाच टायर मात्र अजून बाकी. पार्टची काळजी होती पण नाना पेठेत दोन तासांत सगळं मिळालं, एका दुकानदाराने तर मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "जिप्सी ना? थरथरते ना?"

मागच्या शनिवारी केळदला गेलो, त्याच जागी. चिखल होता तसाच. हब लॉक करायला खाली उतरलो तेव्हा चप्पल रुतून बसली, ती हाताने उपसून काढली, मग फोर एल, दुसरा गिअर, आणि गाडी पलीकडे. ट्रॅक्टरवाले दादा बांधावर उभे होते, मी हात केला. त्यांनी टपाच्या तुटक्या चेनकडे बोट दाखवलं आणि आभाळाकडे बघितलं. दहा मिनिटांत पाऊस आला, आणि सगळा आत आला.