कणकुंबीच्या धुक्यात दोन दिवे: हेडलॅम्प पिवळा घ्यावा की पांढरा?

बेळगावात खडेबाजारात हेडलॅम्प विचारला की दुकानदार सांगतो, ‘पांढराच घ्या, उजेड जास्त पडतोय.’ ट्रेकला जाणारी पोरं नेमकं उलट सांगतात: घाटात पिवळाच पाहिजे, पिवळा धुकं कापतो. दोन्ही बाजू इतक्या ठामपणे बोलतात की परतीचा पाऊस सुरू असताना गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्याला जाऊन स्वतःच बघून यावं म्हटलं. मित्राच्या मामांचं घर कणकुंबीजवळच्या वाडीत आहे, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता.

बरोबर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन दिवे घेतले. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. एक साधारण ३००० केल्विनचा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळ जाणारा. दुसरा ६५०० केल्विनचा, घरातल्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेलं असतं तसला. मॉडेल वेगवेगळी असली की तुलना फसते, कारण झोत रुंद आहे की अरुंद यानेच अर्धा फरक पडतो आणि आपण त्याचं श्रेय रंगाला देऊन मोकळे होतो. मित्राकडे तीन ट्रिपल-ए सेलवर चालणारा साधा दिवाही होता.

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबी, रस्ता सरळ आहे. चोर्लामार्गे पणजीला जाणाऱ्या बस मिळतात, पण पावसाळ्यात निघण्यापूर्वी स्टँडवर चौकशी करा. जांबोटी सोडली की मोबाइलची रेंज येते-जाते, तेव्हा फोन, पैसे काढणं, सेल घेणं हे सगळं तिथेच उरका. मलप्रभेचं उगमस्थान कणकुंबीतच, माउलीच्या देवळाजवळ आहे. तिथून ती पूर्वेला कृष्णेकडे निघते, आणि थोड्याच अंतरावरचं पाणी म्हादईला मिळून पश्चिमेला समुद्राकडे जातं. असल्या माथ्यावरच्या गावात धुकं किती बसत असेल ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या रात्री संध्याकाळी सर येऊन गेली होती आणि धुकं अजून उतरलं नव्हतं. वाडीमागची पायवाट जांभ्याची: तांबडी माती, मधेमधे उघडा खडक, कडेला पालापाचोळा. पांढरा दिवा लावला की पहिल्यांदा बरं वाटतं, सगळं लख्ख दिसतं. मात्र जरा निरखून पाहिलं की कळतं, लख्ख दिसतंय पण वेगळं दिसत नाही. तांबडी माती, ओला खडक आणि कुजका पाला तिन्ही राखाडी-तपकिरी होऊन एकमेकांत मिसळतात. पिवळा लावला की माती तांबडी होते आणि पाल्यातलं प्रत्येक पान सुटं दिसतं. पाल्यात एक बेडूक बसला होता, पाठीवर विटकरी पट्टा असलेला. पांढऱ्या उजेडात तो पाल्याचाच तुकडा वाटत होता. दिवा बदलताच पट्टा उठून आला आणि मित्राने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

याचं कारण दिव्याच्या पोटात आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्याचा काही भाग पिवळ्या-तांबड्यात बदलणाऱ्या पिवळसर द्रव्याचा थर देऊन पांढरा रंग बनवतात. थर पातळ असला तर निळा जास्त बाहेर पडतो आणि तांबड्याचा वाटा कमी राहतो. थर जाड केला की उजेड उबदार होतो, पण रूपांतरात थोडी ऊर्जा वाया जाते. म्हणून तेवढ्याच बॅटरीवर पिवळ्याचे लुमेन, म्हणजे एकूण उजेडाचं माप, जरा कमी भरतात. दुकानदार म्हणतो ते इथपर्यंत खरं आहे.

पण नुसता केल्विन बघून दिवा घेऊ नका. रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा वेगळा, त्याला सीआरआय म्हणतात. जुन्या तारेच्या बल्बचा तो १०० धरतात. बऱ्याचशा स्वस्त पांढऱ्या हेडलॅम्पचा ७० च्या आसपास असतो, चांगल्यांचा ९० च्या वर. पिवळा असूनही सीआरआय कमी असलेला दिवा मिळतो आणि तो सगळं हळद लावल्यासारखं दाखवतो, बाकी काही नाही. खोक्यावर सीआरआय लिहिलेलाच नसेल तर कमी आहे असं समजून चाला. ४००० ते ४५०० केल्विन आणि सीआरआय ९० असा मधला दिवा मिळाला तर एकट्याने फिरणाऱ्याला तो पुरे. दोन-दोन दिवे घेऊन फिरायची हौस माझी आहे, तुमची असायची गरज नाही.

अजून एक. दोन्ही दिवे शेजारी धरून निवड करू नका. तसं केलं की पिवळा हमखास मळकट वाटतो. एकटा पिवळा दहा मिनिटं वापरा, डोळे त्यालाच पांढरं मानायला लागतात.

दुसऱ्या रात्री धुकं आलं, आणि आलं ते कणकुंबीला शोभेल असं. दहा पावलांवरचं कुंपण दिसेना. पांढरा दिवा कपाळावर लावला तर समोर चुन्याची भिंत. पिवळा लावला तर भिंत राहिली, फक्त चुन्याऐवजी पिवडीची झाली. दिसण्याचं अंतर दोन्हींत तेवढंच.

पिवळा धुकं कापतो हे आपण वर्षानुवर्षं गाड्यांच्या पिवळ्या फॉगलॅम्पवरून म्हणत आलो. हवेचे रेणू निळा रंग जास्त विखुरतात हे खरंच आहे, म्हणून तर आकाश निळं. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, साधारण पाच ते वीस मायक्रॉनचे असतात. ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. तसं नसतं तर धुकं निळं दिसलं असतं. धुकं पांढरं दिसतं यातच उत्तर आहे. पिवळ्याची चमक डोळ्याला कमी टोचते, तेवढा आराम नक्की मिळतो. त्यापुढचं सगळं ऐकीव.

आमची ही वादावादी मामा पडवीत बसून ऐकत होते. भात पोटरीतून बाहेर पडलं की रानडुकरं आणि गवीरेडे यायला लागतात, त्यामुळे ते रात्री राखणीला शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर जातात. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “आरं, डोस्क्यावर कशाला बांधलायस? हातात धर की, ढोपराजवळ. धुक्यात गाडीला अप्पर लावत्यात का डिप्पर?”

दिवा पट्ट्यातून काढून हातात घेतला, गुडघ्याच्या जरा वर धरला, आणि वाट दिसायला लागली. लांबवर नाही, पण पाच-सहा पावलं स्वच्छ. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असला की जवळच्या थेंबांवरून परतणारा उजेड थेट डोळ्यांतच येतो. खाली धरला की उजळलेले थेंब नजरेच्या रेषेतून बाजूला होतात. शिवाय सावल्या पडतात. कपाळावरचा दिवा नजरेच्याच दिशेने उजेड टाकतो, त्यामुळे सावली वस्तूच्या मागे लपते आणि खड्डा सपाट दिसतो. खालून तिरका उजेड पडला की प्रत्येक दगडामागे सावली उभी राहते. उतारावर तर धुकं नसतानाही मी आता असाच चालतो. पट्ट्यातून सुटणारा दिवा घ्या, कमरेच्या पट्ट्याला अडकवता येणारा असेल तर आणखी उत्तम. आणि धुक्यात उजेड वाढवू नका, कमी करा. तीस-चाळीस लुमेनवर जेवढं दिसतं तेवढं चारशेवर दिसत नाही.

याला एक बाजू आहे ती मात्र लक्षात ठेवावी लागते. जनावराचे डोळे चमकतात ते उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात म्हणून. दिवा डोळ्यांजवळ असला तरच ती चमक आपल्याला नीट मिळते. दिवा कपाळावर असताना गवतात लांडग्या कोळ्यांचे डोळे हिरवट ठिणग्यांसारखे जागोजागी चमकत होते. दिवा गुडघ्याजवळ नेला की सगळे गायब, कारण दोन-तीन मीटरवर तेवढा कोन फार होतो. लांबच्या जनावराला हा कोन किरकोळ असतो, तरी धुकं नसेल तेव्हा रान सुरू होण्याआधी थांबून दिवा एकदा डोळ्यांजवळ धरायचा आणि सावकाश चौफेर फिरवायचा ही सवय चांगली. या भागात गवे आहेत, अस्वलं आहेत. अस्वल समोरासमोर आलं तर दिव्याचा रंग विचारत नाही, म्हणून बोलत चाला.

लांबचं बघायला पांढराच सरस, हे मान्य करायला मला काही वाटत नाही. अंधाराला सरावलेला डोळा निळ्या-हिरव्याकडे जास्त झुकलेला असतो. दिवसा डोळ्याला सगळ्यात उजळ वाटतो तो ५५५ नॅनोमीटरचा पोपटी, रात्री हा बिंदू ५०७ पर्यंत सरकतो. त्यामुळे शेताच्या पलीकडचा बांध मामांच्या पांढऱ्या बॅटरीत जास्त उजळ दिसतो, आणि गवा बिचकवायला त्यांना रंगांची बारकी पारख करायची नसते. पायाखाली पिवळा, लांब पांढरा, माझी वाटणी ही.

जेवताना मात्र पांढरा कुणी लावू नये. पाऊस उघडला की पाखरं तुटून पडतात आणि निळसर उजेडावर जास्तच. पिवळ्यावर कमी येतात, बंद होत नाहीत. दिवा कपाळावरून काढून लांब खुंटीला अडकवायचा, ताटात पाखरू पडत नाही. लाल उजेडाची सोय असेल तर ती पडवीत बसून गप्पा मारताना वापरा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्याचा एक झोत ती सगळी मेहनत घालवतो. पण लाल उजेडात चालू नका. त्यात तांबडं-पांढरं सगळं एक होतं, जखमेतलं रक्तही नीट कळत नाही.

खोक्यावरच्या तासांवर फार भरवसा ठेवू नका. एएनएसआय या अमेरिकी मानकाच्या प्रचलित पद्धतीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे तास मोजतात. म्हणजे ‘चाळीस तास’मधले बरेच तास काजव्याचे असू शकतात. मोठा झोत काही मिनिटांत दिवाच आपणहून कमी करतो, तापतो म्हणून. ही बिघाडाची खूण नव्हे. चालायला शंभर-दीडशे लुमेन भरपूर. दिवा पाणी किती सोसतो ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. पावसाळ्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं. आयपीएक्स ७ असेल तर अर्धा तास मीटरभर पाण्यात पडलं तरी चालतं, आणि कणकुंबीच्या पावसाला तेच बरं. १८६५० या जाड, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलचा दिवा जास्त चालतो, पण तो सेल गावच्या दुकानात मागून बघा, दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील. ट्रिपल-ए मिळून जातात. वाडीत वीज जाते, पॉवरबँक भरून न्या.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नका, ते बेकायदेशीर आहे. तिथल्या बारापेडेच्या गुहेत राहणारी रॉटनची वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. तिथे हेडलॅम्प घेऊन जायची कल्पनाही नको, मग तो कुठल्याही रंगाचा असो. आम्ही फिरलो ते वाडीच्या वाटांवर, घरच्या माणसासोबत.

पायात उंच बूट हवेतच. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. घाटातला चापडा त्यात येत नाही, म्हणून वाटेकडेच्या फांदीला हात घालण्यापूर्वी तिच्यावर उजेड टाका. चापडा हिरवा असतो तसाच तपकिरीही असतो, आणि तपकिरी चापडा पांढऱ्या उजेडात फांदीच वाटू शकतो. दंश झालाच तर १०८ ला फोन लावा, रेंज नसेल तर गाडी काढून थेट खानापूर किंवा बेळगाव.

आणि भाताच्या दिवसांत कुणाच्याही शेतातून विचारल्याशिवाय वाट काढू नका. डुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेलं असतं, काही ठिकाणी तर सरळ वीजच सोडलेली असते. बारीक तार पिवळ्या उजेडात नजरेतून सहज सुटते. बांधाजवळ आलं की थांबा, पांढरा दिवा तिरका धरून फिरवा, तार चमकते का बघा, आणि माळ्यावर कुणी असेल तर आधी हाक मारा. त्याच्या तोंडावर मात्र उजेड मारू नका. दोन तास अंधारात डोळे लावून बसलेला माणूस त्यानंतर काय बोलेल ते इथे छापण्यासारखं नसतं.