आमची वाटचाल : पिवळं पाणी, हिरवं पाणी

सचोटी, मेहनत, ग्राहकांचा विश्वास हे सगळं आमच्याकडेही होतं. ते प्रत्येक कारखान्याच्या वाटचालीत असतं, म्हणून इथे गाळतो. मला लिहायचंय ते सत्तेचाळीस दिवसांबद्दल. तेवढे दिवस आमच्या शेडला वीज नव्हती, आणि ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आदेशाने तोडलेली होती.

आमचं काम प्लेटिंगचं, म्हणजे धातूच्या मालावर दुसऱ्या धातूचा थर चढवण्याचं. बाबांनी शेड घेतली तेव्हा माल फिरवणारा एक बॅरल, चार टाक्या आणि टाक्यांना डीसी वीज देणारा एक जुना रेक्टिफायर एवढाच संसार होता. नट-बोल्टला झिंक मारून द्यायचं, किलोवर पैसे घ्यायचे. "आपला खरा माल म्हणजे घाण पाणी, चकचकीत नट ही वरकमाई," असं बाबा चेष्टेने म्हणायचे. प्रत्येक बाथनंतर, म्हणजे रसायनाच्या टाकीतून काढल्यावर, माल धुवावा लागतो आणि त्या धुवणाचं करायचं काय, यावर प्लेटिंगवाल्याचं सगळं अडतं.

त्याचं काय करणार हे आधी लिहून दिल्याशिवाय कारखाना सुरूच करता येत नाही. 1974च्या पाणी कायद्याच्या कलम 25 आणि 26 प्रमाणे मंडळाची संमती लागते, आमच्या भाषेत कन्सेन्ट. उभारणीआधी एक, चालवण्याआधी दुसरी. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधीच, 1969 साली, पाणी प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता आणि 1970 मध्ये मंडळही नेमलं होतं. कन्सेन्टवर काय बनवणार, किती बनवणार, सांडपाणी किती, त्यावर प्रक्रिया कोणती, गाळ किती, सगळं छापलेलं असतं. उद्योगांना रंगही दिलेले आहेत. 2016च्या वर्गवारीत प्रदूषण निर्देशांक 60 किंवा त्यावर गेला की उद्योग लाल ठरायचा, त्याखाली नारंगी, हिरवा, पांढरा. प्लेटिंग लाल. मग शेड केवढीही असो.

2011 साली एका हायड्रॉलिकवाल्या ग्राहकाने पिस्टन रॉडना हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा कडक थर, करून द्याल का असं विचारलं. आम्ही टाकी बसवली, क्रोमिक ॲसिड आणलं, काम सुरू. कन्सेन्ट मात्र झिंकचंच राहिलं. नूतनीकरणाच्या वेळी क्रोम घालून घेऊ असं ठरलं. नूतनीकरण आलं तेव्हा, आता घातलं तर आधीपासून कसं करत होतात म्हणून विचारतील, असं ठरलं.

ईटीपी, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करायचं संयंत्र, होती. म्हणजे टाक्या होत्या, पंप होता, फिल्टर प्रेस होता, भिंतीवर सल्लागाराने काढून दिलेला आराखडाही होता. पण तो सगळा थाट झिंकसाठी. झिंकच्या पाण्यात चुना टाकला की ते खाली बसतं. हेक्झाव्हॅलंट क्रोम, म्हणजे क्रोमचं विषारी रूप, चुन्याला दाद देत नाही, विरघळलेलंच राहतं. त्यासाठी आधी ॲसिडने पीएच 2 ते 3 वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, ढवळायचं. पिवळं पाणी हिरवं झालं म्हणजे क्रोम ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी विषारी, झालं. मग चुना किंवा कॉस्टिक, की ते गाळात येतं. आम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. एक जादा टाकी ठेवून आम्ही ते करतही होतो, पण बायसल्फाइटची गोणी संपली की रात्रपाळी तशीच पुढे चालायची आणि सकाळपर्यंत गटार पिवळं दिसायचं. पावसाळ्यात तेही दिसायचं नाही.

जून 2017. सकाळी साडेनऊला मंडळाचे क्षेत्र अधिकारी आले, बरोबर एक मदतनीस, त्याच्या हातात आइसबॉक्स. कलम 23 त्यांना कुठल्याही योग्य वेळी आत यायचा अधिकार देतं, फोन करून यायचं बंधन नाही. चहा नको म्हणाले. ऑफिसात बसलेच नाहीत, थेट ईटीपीच्या पॅनेलकडे गेले आणि सबमीटरचा आकडा लिहून घेतला.

ईटीपीला वेगळा मीटर लावायची अट कन्सेन्टमध्ये होती, म्हणून तो लावलेला. आमचा ऑपरेटर रोज संध्याकाळी त्याचा आकडा वहीत लिहायचा, बहुतेक वेळा अंदाजाने. साहेबांनी वही मागितली, शेवटचं पान उघडलं, पुन्हा मीटरकडे पाहिलं. वहीतला आकडा मीटरच्या पुढे गेलेला होता. काही बोलले नाहीत, वही मिटली आणि बिलं मागितली. चुन्याची, बायसल्फाइटची, क्रोमिक ॲसिडची. शेवटी गाळाच्या मॅनिफेस्ट. प्लेटिंगचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो आवारात 90 दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या सामाईक केंद्रात पाठवावा लागतो आणि प्रत्येक फेरीचा कागद राहतो. हिशेब सोपा आहे. ॲसिड विकत घेतलं एवढं, त्यातलं थोडं रॉडवर चढलं, उरलेलं गाळात दिसायला हवं. गाळात नसेल तर ते कुठे गेलं, हे विचारायला केमिस्ट लागत नाही.

"कन्सेन्टवर क्रोम कुठे दिसत नाही," एवढंच ते म्हणाले.

"साहेब, थोडंसंच करतो," बाबा म्हणाले.

मग नमुना. आउटलेटच्या चेंबरवर उकिडवं बसून मदतनिसाने बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळली, मग भरली. धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिडचे थेंब. हेक्झा क्रोमची बाटली बिनॲसिडची, ती सरळ बर्फात. चिठ्ठी, दोरा, सील, सही. बाबांचीही सही. साहेबांनी विचारलं, नमुन्याचा दुसरा भाग हवा का? कलम 21 प्रमाणे कारखानदाराने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग होतात, दोन्हीवर दोघांच्या सह्या, आणि दुसरा भाग शासनाने ठरवलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. बाबा म्हणाले, "कशाला? तुमच्यावर विश्वास आहे." विश्वास कसला, संकोच होता. सरकारी माणसासमोर जास्त मागितलं की राग येतो अशी आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. उलट, हा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि विचारणाऱ्याला तो माहीत असतो.

कलम 22 प्रमाणे अहवालाची एक प्रत कारखानदाराला मिळते. हेक्झाव्हॅलंट क्रोमची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम. आमचं 4.6. बाबांनी कागद उजेडात धरला आणि मला विचारलं, "टिंबाची जागा चुकली नसेल ना?"

लोकांना वाटतं मंडळ आलं की टाळं लागतं. तसं होत नाही. पाणी थेट नदीत जाऊन मासे मरायला लागले असतील तर सुनावणीविना आदेश निघू शकतो, एरवी पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर थांबायची सोय असते. आम्ही एकही पायरी वापरली नाही. आधी कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर सल्लागाराने लिहून दिलं, दोन पानं, 'आम्ही आपल्या सर्व सूचनांचे काटेकोर पालन करीत आहोत' छापाचं. ते आमच्याआधी बऱ्याच कारखान्यांतून फिरून आलेलं असावं, कारण दुसऱ्या पानावर आमच्या बॉयलरच्या धुराड्याची उंची दिली होती. आमच्याकडे बॉयलर नाही. मी न वाचता सही केली होती.

मग प्रस्तावित आदेश, म्हणजे 'हे करायचं ठरवलंय, हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा'. मग सुनावणी. पाच-सात मिनिटांची. बायसल्फाइट शेवटचं कधी घेतलं? क्रोमची लाइन कधीपासून? आणि बॉयलर कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला टेबलापलीकडे कुणीतरी हसलं. मला अजून ते आठवलं की कानशिलं तापतात. त्या दिवशी मी बायसल्फाइटचं नवं बिल, नव्या टाकीची ऑर्डर आणि 'एवढ्या तारखेपर्यंत क्रोम बंद ठेवतो' असं पत्र घेऊन गेलो असतो तर मुदत मिळाली असती, असं मला आजही वाटतं. मी गेलो होतो दिलगिरी घेऊन.

बंदचा आदेश कलम 33अ खाली निघतो. हे कलम 1988च्या दुरुस्तीत आलं, आणि सगळा जोर तिथे आहे. खटल्यात वर्षं जातात. या कलमाने मंडळ वीज आणि पाणी देणाऱ्यांनाच कळवतं की तोडा. आम्हाला बाहत्तर तास मिळाले. वायरमन ओळखीचाच होता. "शेठ, माझ्या हातात नाही," म्हणाला आणि शिडी लावली. आत बॅरल फिरायचा थांबला तेव्हा शेडमध्ये पहिल्यांदाच गल्लीतल्या रिक्षांचा आवाज ऐकू आला.

वकील म्हणाले, हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येतं, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. पण अपिलात म्हणायचं काय? टिंबाची जागा चुकली? कलम 44 खाली किमान दीड वर्ष आणि जास्तीत जास्त सहा वर्षं कैदेची तरतूद होती. ते कलम मी बाबांना वाचून दाखवलं नाही. नंतर कळलं, त्यांनी ते आधीच वाचलेलं होतं.

खरं काम त्या सत्तेचाळीस दिवसांत झालं. क्रोमचं धुवण आणि झिंकचं धुवण वेगळं केलं, पाइप वेगळे, टाक्या वेगळ्या. आधी सगळं एकाच खड्ड्यात यायचं, आणि आमचा झिंकचा बाथ तेव्हा सायनाइडचा होता. ॲसिडचं पाणी आणि सायनाइडचं पाणी एकत्र आलं तर जो वायू निघतो तो माणूस मारतो. इतकी वर्षं काही झालं नाही हे आमचं नशीब. सायनाइड बंदच केलं, अल्कलाइन झिंकवर आलो. क्रोमनंतर एका टाकीच्या जागी तीन धुवायच्या टाक्या लावल्या, पाणी शेवटच्या टाकीतून पहिलीकडे उलटं सोडलं, रॉड बाथवर जरा जास्त वेळ निथळू दिला. धुवण निम्म्याहून कमी झालं. निम्मं कमी म्हणजे बायसल्फाइटही कमी, गाळही कमी. हे आम्हाला 2011 मध्येच करता आलं असतं आणि पैसे वाचले असते, मंडळ बाजूला ठेवा.

पैशांचं विचाराल तर चौदा जणांचे पगार कर्जातून दिले. दोन ग्राहक गेले, त्यातला एक परत आला. हायड्रॉलिकवाला नाही आला.

क्रोमसह नव्या कन्सेन्टसाठी अर्ज, बँक गॅरंटी, पुन्हा पाहणी, मग अटींवर सुरू करायचा आदेश. गॅरंटी हा प्रकार बोचतो. पैसे बँकेत अडकून पडतात आणि नमुना नापास झाला की जप्त. पण खरं सांगायचं तर नोटिशीपेक्षा रात्रपाळीला तिचाच धाक बसला, कारण ती रक्कम मी फळ्यावर लिहून ठेवली होती.

आता चित्र बदललंय. 2024च्या दुरुस्तीने पाणी कायद्यातल्या बऱ्याच तरतुदींमधली कैद जाऊन 10 हजार ते 15 लाखांपर्यंत दंड आला. राज्यांनी ती ठराव करून स्वीकारायची असते. शिवाय पर्यावरण भरपाई, म्हणजे प्रदूषणाबद्दल मंडळाला भरायची रक्कम. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात लाल उद्योगाचे 80, लघुउद्योगाचे 0.5, दहा लाखांखालच्या वस्तीचा 1 आणि रुपयांचा गुणक साधारण 250 धरून सगळं गुणलं, तर आमच्यासारख्याला रोजचे 10 हजार होतात, गुणिले उल्लंघनाचे दिवस. मंडळांना अशी भरपाई घेता येते असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये म्हटलं, फक्त त्याची पद्धत नियमांनी ठरलेली हवी. आमच्या संघटनेच्या बैठकीत कैद गेली म्हणून लोक खुश होते. मला तेवढा आनंद झाला नाही. कैद कुणाला होताना मी पाहिली नव्हती. रोजचे दहा हजार कॅलेंडरवर मोजता येतात.

ईटीपीवर आता एक ड्रॉपरची बाटली असते, डायफिनाइलकार्बाझाइडची. टाकी सोडण्याआधी चाचणीच्या नळीत थोडं ॲसिड टाकलेलं पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. गुलाबी-जांभळी झाक आली की हेक्झा क्रोम शिल्लक आहे, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. ऑपरेटर तोच आहे. नळी घेऊन ऑफिसात येतो आणि खिडकीच्या उजेडात धरून दाखवतो.

गेल्या महिन्यात नमुना घ्यायला आले तेव्हा मी दुसरा भाग मागितला. साहेब नवे होते, त्यांनी निमूट दुसरी बाटली काढली. अहवाल अजून यायचाय. बाबा आता शेडवर येत नाहीत, संध्याकाळी फोन करतात आणि ईटीपीचा आकडा विचारतात. मी वही उघडतो. "वही ठेव," म्हणतात, "मीटरपाशी जाऊन सांग."