मडक्यातलं दूध आणि ‘ना’ प्रत्यय

आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत जंगलातली एक जमात होती आणि तिच्या तोंडी ‘झिंगालाला हुर्र’च्या जातीची वाक्यं होती. दिग्दर्शक फायनल इयरचा, नंदगडचा. मी बेळगावजवळच्या खानापुरात मराठीच्या पोरांना भाषाविज्ञान शिकवते, म्हणून “मॅडम, जरा उच्चार बघा की” म्हणत त्यानं मला तालमीला नेलं. ऐकलं आणि डोकंच सणकलं. जंगलातल्या माणसाला नुसता आवाज द्यायचा आणि व्याकरण द्यायचं नाही, म्हणजे त्याला माणसांत धरायचंच नाही. तसं तोंडावर सांगितलं. पोरगा हुशार. म्हणाला, “मग तुम्हीच भाषा करून द्या की वो.” सगळा दिवस त्यात गेला.

आधी ध्वनी घेतले. पोरांना जितकं विचित्र तितकं हवं होतं. मी म्हटलं, आधी काढून टाका. ख, घ, थ, ध, भ, सगळे महाप्राण गेले. मग स, श, ह गेले. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी मूळ भाषांत स-श सारखे घर्षक, म्हणजे हवा घासून निघणारे ध्वनी, नाहीतच, आणि त्यांचं काही अडत नाही. आपला ळ मात्र ठेवला. नवीन दोनच घेतले. पहिला, शब्दाच्या सुरुवातीला ङ. ‘रंग’ म्हणा, शेवटचा ग सुटू देऊ नका, जीभ मागे चिकटलेली तशीच ठेवा आणि तिथूनच ‘आ’ उघडा. अख्खा हॉल नाकातून गुंगुं करायला लागला, तेव्हा शिपाईमामा दारातून बघून गेले. दुसरा, गळ्यातला अडथळा. लहान मूल मान हलवत ‘अं-अं’ करतं तेव्हा मधे श्वास अडतो, तो.

स्वरांत मदत झाली बैलहोंगलच्या मुलीची. ती कन्नड माध्यमातली, लाइट सांभाळायला आलेली. ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ वेगळे ठेवायचे म्हटल्यावर मराठी पोरं बिचकली, कारण आपल्या लिपीत ती सोय नाही. तिनं ‘कोडु’ दोनदा म्हणून दाखवलं. ओ आखूड असेल तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. मिनिटाभरात सगळ्यांना जमलं. आमच्या भागातल्या पोरांनी हे बाजारात रोज ऐकलेलं असतं, फक्त त्यावर कुणी बोट ठेवलेलं नसतं.

नामांवर मात्र अख्खी दुपार गेली. खुर्ची ‘ती’ का आणि टेबल ‘ते’ का, याला मराठीत उत्तर नाही. कन्नडचा हिशेब सरळ आहे. पुरुष एकीकडे, बाई दुसरीकडे, बाकी सगळं नपुंसक. सांगलीजवळच्या कुपवाडच्या बोलीवर गम्पर्झ आणि विल्सन या भाषाअभ्यासकांनी १९७१ मध्ये लिहिलं, त्यात तिथल्या मराठीनं हाच कन्नड हिशेब उचलल्याचं दाखवलंय. तिथे पूर आला की ‘नदी आलं’. म्हणजे सीमेवरची माणसं न ठरवताच व्याकरण बनवत असतात, आम्ही ठरवून बसलो होतो इतकंच.

आम्ही सजीव आणि निर्जीव असे दोन गट धरले, आणि द्विवचन घेतलं. “असं खरंच कुणी बोलतंय?” असं एकानं विचारलंच. मेळघाटातल्या कोरकूत दोन्ही आहे. ‘कोरकू’ हे नावच ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याचं अनेकवचन. मग आमचा बैल ‘ङाटो’ झाला, बैलांची जोडी ‘ङाटोपी’, आणि त्याहून जास्त ‘ङाटोरू’. ‘घोडा’चं ‘घोड्या’ करतो तसं सामान्यरूप नको, शब्द मोडायचा नाही, असं सर्वानुमते ठरलं. (परीक्षेतले मार्क आठवले असावेत.) कर्माचा प्रत्यय फक्त सजीवाला, ‘ना’. आपणही ‘मुलाला पाहिलं’ म्हणतो, पण ‘दगड पाहिला’.

मग दूध आलं. दूध म्हणजे ‘मोळ’. निर्जीव, असं मी फळ्यावर लिहीतच होते, तोच पडदा ओढायला आणलेला कणकुंबीकडचा पोरगा बोलला. गवळी धनगराच्या घरचा, तोवर गप्पच होता. “म्हशीत असतंय तोवर जितंच की, मॅडम. मडक्यात आलं की मग नाही. रेडकू पितं ते मोळना. आपण पितो ते मोळ.”

मी खडू खाली ठेवला. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे भाषेत रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव धरतात, हे मी वर्गात दरवर्षी गंमत म्हणून सांगते. या पोरानं एकच नाम दोन्ही गटांत, कारणासकट बसवून दिलं. मग मधाचंही तसंच झालं, पोळ्यातला आणि बाटलीतला.

त्यातनं नाटकच बदललं. नाटकात लाकडाचा ठेकेदार येतो आणि दुभाष्या त्याचं बोलणं जमातीला सांगतो. म्हातारीचं काम करणारी मुलगी विचारती झाली, “हा दुभाष्या झाडाला ‘ना’ लावेल?” ठेकेदाराला लाकूड दिसतंय, तो कशाला लावेल! मूळ संहितेत म्हातारीला वृक्षप्रेमाचं सव्वा पानाचं मराठी भाषण होतं. ते गेलं. आता दुभाष्या झाडासाठी नुसतं ‘तेकोळ’ म्हणतो, म्हातारी त्याला तिथेच तोडते, “तेकोळना”, आणि ठेकेदार विचारतो, काय म्हणाली? दुभाष्या म्हणतो, काही नाही. माझ्या मते भाषणापेक्षा हे कितीतरी सरस आहे, दिग्दर्शकाला अजून हळहळ आहे.

पावसाचं तेवढं जमलं नाही. बैलहोंगलची मुलगी म्हणे सजीव, त्याची वाट बघावी लागते, तो रुसतो. कणकुंबीचा ऐकायला तयार नाही. “जिता असता तर चार महिन्यांत एकदा तरी दमला असता की वो!” शेवटी दिग्दर्शकानं कंटाळून पावसाचं वाक्यच कापलं.