पेठेतलं रात्रीचं जेवण

आज आत्या तीन वर्षांनी पुण्यात आली. तिचं बालपण शनिवार पेठेतलं. म्हणाली, "जेवायला लांब कुठे नको, पेठेतच जाऊ."

आधी शनिवारवाड्याला चक्कर मारली, मग रमतगमत लक्ष्मी रोडला पूना गेस्ट हाऊस. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली सुरू केलेलं हे ठिकाण. नाटक-सिनेमावाल्यांची इथे कायम ऊठबस असायची, आणि मला ते आत शिरताना दरवेळी आठवतं. थालीपिठावर लोण्याचा गोळा वितळत होता. आत्याने पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "भाजणी खमंग आहे रे."

खरं तर मला बादशाहीला न्यायचं होतं. टिळक रोडवरची ती साधी थाळी, गरम पोळ्या, पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर. भुकेल्या माणसासाठी पुण्यात याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. पण गर्दीचा धसका घेतला. ते आता पुढच्या खेपेला.

येताना निंबाळकर तालमीपाशी सुजाताची आंबा मस्तानी घेतली. दोघांत एक. वरचं आइस्क्रीम आत्याने चमच्याने मला दिलं, मी सहावीत असताना द्यायची तसंच.

उद्या सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. आत्याने आत्ताच गजर लावलाय.